'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन' आलं कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे गाणं कुठेही लागलं की तेच तेच प्रश्न येतात आणि मी तीच तीच उत्तरं देत बसतो, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. मी काही संगीताचा अभ्यासक वगैरे नाही. कीबोर्ड वाजवतो, लग्न-रिसेप्शनच्या सुपाऱ्या घेतो, आणि हे गाणं इतक्या वेळा वाजवलंय की झोपेतून उठवलंत तरी सुरुवातीचा ऑर्गन वाजवून दाखवीन. त्या नादात त्याच्या मागची गोष्ट शोधत गेलो आणि गोष्ट गाण्याइतकीच भारी निघाली.

मूळ गाणं कोणाचं?

पर्सी स्लेजचं. १९६६ साल, अटलांटिक रेकॉर्ड्स, आणि रेकॉर्डिंग अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, शेफिल्ड नावाच्या एका लहानशा गावात. "कोणाचं" म्हणजे लिहिलं कोणी असं विचारत असाल तर थांबा, तिथेच खरी भानगड आहे, खाली येतो त्यावर.

अहो पण मी तर मायकल बोल्टनचं ऐकलंय!

आमच्या पिढीने बहुतेकांनी तेच आधी ऐकलं. नव्वदच्या दशकात केबल आलं तेव्हा बोल्टनचा तो लांब केसांचा अवतार घराघरात होता. त्याची रेकॉर्ड १९९१ची, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत नंबर वन झाली आणि पुढच्या वर्षी त्याला त्यासाठी ग्रॅमीही मिळालं. त्याच्याही आधी बेट मिडलरने १९७९च्या 'द रोझ' सिनेमात हे गायलंय आणि तेही झकास आहे. पण ही सगळी नंतरची मंडळी. बोल्टनचं गाणं वाईट नाही, त्याला गळा आहे, फक्त तो पहिल्या ओळीपासून इतका जोर लावतो की पुढे चढायला जिनाच उरत नाही. हे माझं मत, भांडू नका.

पर्सी स्लेज हा माणूस कोण होता?

हॉस्पिटलमधला वॉर्डबॉय. खरंच. जन्म २५ नोव्हेंबर १९४०, गाव लेटन, शेफिल्डपासून जवळच, एकाच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. लहानपणी कापसाच्या शेतात राबला, चर्चमध्ये गायला, रेडिओवर लागणारी कंट्री गाणी ऐकत मोठा झाला. हा कंट्रीचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्या गाण्यात जो एक साधेपणा आहे, उगाच हरकती-मुरक्या नाहीत, तो बऱ्यापैकी तिथून आलाय असं मला वाटतं.

साठच्या दशकात तो शेफिल्डच्या कोलबर्ट काउंटी हॉस्पिटलमध्ये कामाला होता. (ह्याच हॉस्पिटलला पुढे हेलन केलरचं नाव दिलं, ती बाजूच्याच टस्कंबिया गावची.) आठवडाभर पेशंटची उठबस करायची आणि शनिवार-रविवार आला की 'एस्क्वायर्स कॉम्बो' नावाच्या बँडबरोबर आसपासच्या राज्यांतल्या कॉलेज पार्ट्यांमध्ये गायचं. स्वतःची गाणी नाहीत, त्या वेळी जी हिट होती तीच, म्हणजे आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाले करतात तसंच. मला हा माणूस एवढा जवळचा का वाटतो ते आता कळलं असेल.

घरात गाणं होतंच म्हणा. 'स्टील अवे' गाणारा जिमी ह्यूज हा त्याचा चुलत-मावस कुठलासा भाऊ, आणि त्याची ती रेकॉर्ड १९६४ साली जवळच्याच फेम स्टुडिओतून निघून गाजली होती. म्हणजे आपल्यातलाच एक जण नदीकाठच्या स्टुडिओत जाऊन नाव काढू शकतो हे पर्सीच्या डोळ्यासमोर होतं.

गाणं सुचलं कसं?

पर्सीने मुलाखतींमधून सांगितलेली गोष्ट अशी. १९६५ संपत आलेलं, बांधकामावरचं काम हातचं गेलेलं, आणि त्याच सुमारास त्याची मैत्रीण मॉडेलिंग करायचं म्हणून त्याला सोडून गेली. अशा अवस्थेत एका पार्टीत बँडबरोबर उभा होता आणि नेहमीची गाणी गळ्यातून निघेनात. तो मागे वळून बास वाजवणाऱ्या कॅल्विन लुईसला आणि ऑर्गनवरच्या अँड्र्यू राइटला म्हणाला की काहीतरी वाजवा, कुठल्याही सुरात वाजवा, आणि मग मनात होतं ते सगळं गाऊन मोकळा झाला.

चाल मात्र त्या रात्रीची नाही. ती तो कापूस वेचायला जायचा तेव्हापासून गुणगुणत होता, शब्दाशिवाय, नुसतं हुं हुं करत. म्हणजे चाल कित्येक वर्षांची जुनी आणि दुःख ताजं, दोन्ही एका रात्री भेटले.

आणि ते गाणं तेव्हा 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन' नव्हतंच. 'व्हाय डिड यू लीव्ह मी बेबी' असं होतं, म्हणजे "मला सोडून का गेलीस गं" असा सरळसोट टाहो.

मग शब्द कोणी बदलले?

इथे क्विन आयव्ही येतो. हा शेफिल्डमधला रेडिओवरचा डिस्क जॉकी, गावात त्याचं रेकॉर्डचं दुकान होतं, थोडीफार गाणी लिहायचा, आणि नुकताच स्वतःचा छोटा स्टुडिओ टाकलेला. हॉस्पिटलमधला एक जुना पेशंट पर्सीलाही ओळखायचा आणि आयव्हीलाही, त्याने दोघांची गाठ घालून दिली. (वॉर्डबॉयची नोकरी कामाला आली ती अशी.) आयव्हीने चाल ऐकली आणि त्याच्या लक्षात आलं की सूर अस्सल आहे, शब्दांवर काम करायला हवं.

त्या कामातून "का गेलीस" हा प्रश्न गाण्यातून गेला आणि "पुरुष बाईच्या प्रेमात पडला की त्याचं काय होतं" हे आलं. माझ्या मते सगळी जादू ह्या एका बदलात आहे. पहिल्या गाण्यात एक माणूस स्वतःचं रडगाणं गातोय, ऐकणारा म्हणणार असेल बाबा तुझं. दुसऱ्यात तो जगाचा नियम सांगितल्यासारखं सांगतो, शहाण्या माणसासारखा, आणि अर्धं गाणं झाल्यावर अचानक नियम-बियम सोडून थेट तिच्याशी बोलायला लागतो, की मी तुला होतं नव्हतं ते सगळं दिलं. तिथे कळतं की हा नियम ह्याला कुठे शिकायला मिळाला. 'तो' चा 'मी' होतो ती जागा नीट ऐका, आवाजही तिथे बदलतो.

मग रेकॉर्डवर गीतकार म्हणून पर्सीचं नाव का नाही?

कारण त्याने ते दोस्तांना देऊन टाकलं. रेकॉर्डवर नावं आहेत कॅल्विन लुईस आणि अँड्र्यू राइट, बस. त्या रात्री दोघांनी साथ दिली, गाण्याला आकार द्यायला मदत केली, म्हणून पर्सीने सगळं श्रेय त्यांना दिलं असं त्याने स्वतःच सांगितलंय.

आता ह्यावर लोक दोन टोकाचं बोलतात. एक म्हणतात बिचाऱ्याला फसवलं. दुसरे म्हणतात की ज्यांची नावं आहेत त्यांनीच लिहिलं, पर्सी नंतर गोष्टी सांगत बसला. मी बँडमध्ये काम करतो म्हणून सांगतो, दोन्ही वाटतं तेवढं सोपं नाही. रिहर्सलमध्ये एकाने गुणगुणलं, दुसऱ्याने खाली बास उतरवला, तिसऱ्याने कॉर्ड बदलली, तर गाणं "कोणाचं" हे दुसऱ्या दिवशी त्या तिघांनाही सांगता येत नाही. चाल पर्सी आधीपासून गुणगुणत असला तरी तिच्याखाली जे कॉर्ड्स आले ते वाद्यं वाजवणाऱ्यांच्या हातून आले. लुईस आणि राइटला फुकटचं मिळालं असं मला वाटत नाही. पण पर्सीचं नाव तिथे तिसरं म्हणून हवं होतं असं वाटतं.

नाव नसल्याने नक्की काय फरक पडला?

पैशाचा, आणि आयुष्यभराचा. अमेरिकेत आजही एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की रॉयल्टी गीतकार-संगीतकाराला आणि पब्लिशरला (म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला) जाते, गाणाऱ्याला नाही. ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे. म्हणजे पर्सीचा आवाज रेडिओवर लाखो वेळा लागला असेल तरी त्या वाजण्याचे पैसे त्याच्या खिशात नाहीत. त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डच्या विक्रीतला गायकाचा हिस्सा काय तो त्याचा.

आणि दुसऱ्या कोणी गाणं गायलं तर विषयच संपला. बोल्टनच्या रेकॉर्डचं बघा ना. ती नंबर वन झाली, प्रचंड खपली, त्यातला गाणं रचणाऱ्यांचा वाटा लुईस आणि राइट ह्यांच्या नावावर आणि पब्लिशर होते प्रोन्टो आणि क्विनव्ही त्यांच्याकडे. ज्या माणसाच्या घशातून ते गाणं पहिल्यांदा निघालं त्याचा त्या हिशेबात कुठे कॉलमच नाही. १९६६ साली एका वॉर्डबॉयला ह्यातलं काय कळणार होतं, त्याला स्टुडिओत गायला मिळतंय हेच खूप झालं असणार.

हे मसल शोल्सच्या त्या फेमस स्टुडिओत झालं ना?

नाही, आणि ही चूक सगळीकडे दिसते. मसल शोल्स म्हणजे टेनेसी नदीच्या काठची चार गावं एकमेकांना चिकटून, फ्लॉरेन्स, शेफिल्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स, सगळ्यांना मिळून लोक "मसल शोल्स"च म्हणतात त्यामुळे घोळ होतो. तिथे दोन स्टुडिओ जगप्रसिद्ध आहेत. एक रिक हॉलचा फेम. दुसरा मसल शोल्स साउंड, जो १९६९ मध्ये सुरू झाला, म्हणजे ह्या गाण्यानंतर तीन वर्षांनी, तेव्हा तिथे हे रेकॉर्ड होणं शक्यच नाही.

हे झालं क्विन आयव्हीच्या नॉरालामध्ये. नॉराला म्हणजे नॉर्थ अलाबामाचं जोडून केलेलं नाव, आपण दुकानाला दोन मुलांची नावं जोडून ठेवतो तसं. फेमच्या तुलनेत अगदीच किरकोळ जागा. पुढे आयव्हीने स्टुडिओ हलवला आणि नाव क्विनव्ही केलं.

वाजवलं कोणी?

ऑर्गन स्पूनर ओल्डहॅम, फारफिसा नावाचा इटालियन बनावटीचा छोटा ऑर्गन, चर्चमध्ये असतो तसला भारदस्त नव्हे. पातळसा, थोडा नाकात बोलणारा आवाज. ऐकताना मला नेहमी घरातली पायपेटी आठवते. ड्रम्स रॉजर हॉकिन्स, बास ज्युनियर लो, गिटार मार्लिन ग्रीन, आणि ग्रीन हा आयव्हीबरोबर प्रोड्युसरही होता. मशीनवर इंजिनीयर म्हणून जिमी जॉन्सन. ह्यातले हॉकिन्स आणि जॉन्सन तेच, ज्यांनी पुढे फेम सोडून मसल शोल्स साउंड काढला.

बघा, एस्क्वायर्स कॉम्बोमधले ते दोघं रेकॉर्डवर वाजवताना नाहीत. ज्यांनी पार्टीत वाजवलं त्यांची नावं गीतकार म्हणून, ज्यांनी स्टुडिओत वाजवलं त्यांना त्या दिवसाची मजुरी, आणि ज्याने दोन्हीकडे गायलं त्याला गायकाचा हिस्सा. अशी वाटणी.

काळा गायक आणि सगळे गोरे वादक, तेही तेव्हाच्या अलाबामात?

हो, आणि ह्याच्याकडे "संगीताला रंग नसतो" असं गोड बोलून बघू नका. आदल्याच वर्षी, मार्च १९६५ मध्ये, ह्याच राज्यात सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या लोकांना पोलिसांनी बेदम मारलं होतं. मतदान हक्काचा कायदा झाला ऑगस्ट १९६५ मध्ये. म्हणजे हे गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा तो कायदा वर्षाचाही नव्हता, आणि गव्हर्नर होते जॉर्ज वॉलेस, ज्यांनी वर्णभेद कायम राहील अशी जाहीर घोषणा देऊन खुर्ची घेतली होती. स्टुडिओच्या आत सगळे एकत्र बसून काम करत होते हे खरं. स्टुडिओ कोणाच्या मालकीचा, कॉन्ट्रॅक्ट कोणाला वाचता येतं, कंपनीला फोन कोण करू शकतं, हे प्रश्न मात्र दाराबाहेर राहिले नव्हते. वरचा रॉयल्टीचा विषय ह्याच्याशी जोडून वाचा.

अटलांटिकपर्यंत कसं पोचलं?

एका फोनवर. फेमच्या रिक हॉलने टेप ऐकली आणि न्यूयॉर्कला अटलांटिकच्या प्रोड्युसरला, जेरी वेक्सलरला, सांगितलं की हे नंबर वन आहे. आता गंमत बघा, गाणं हॉलच्या स्टुडिओतलं नाही, शेजारच्या माणसाच्या स्टुडिओतलं आहे, तरी त्याने फोन केला (त्याबद्दल त्याला छोटा हिस्सा मिळाला, फुकट कोण करतं). पण त्या फोनने हॉलचंही नशीब उघडलं. वेक्सलरला कळलं की अलाबामात काहीतरी शिजतंय, त्याने १९६६ मध्येच सोल गायक विल्सन पिकेटला फेममध्ये पाठवलं आणि जानेवारी १९६७ मध्ये गायिका अरीथा फ्रँकलिनला घेऊन आला. मसल शोल्स जगाच्या नकाशावर यायला एका वॉर्डबॉयच्या प्रेमभंगाचा असा हात लागलाय.

ते बेसूर ब्रासचं काय प्रकरण आहे?

हा माझा सगळ्यात आवडता किस्सा. वेक्सलरला गाणं आवडलं, पण म्हणाला ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले बेसूर आहेत, ते परत करा. आणि ते होतेच बेसूर, ह्यात वेक्सलरचा कान तिखट होता असं काही नाही, कोणालाही कळेल. मग शेफिल्डमध्ये परत सगळा खटाटोप, दुसरे वादक बोलावले, ब्रास नव्याने वाजवून घेतला, टेप न्यूयॉर्कला रवाना.

आणि तिथे टेपांची अदलाबदल झाली. छापायला गेली ती जुनीच. रेकॉर्ड बाजारात आली, चढत चढत पहिल्या नंबरावर गेली, ती त्या बेसूर ब्राससकट. मसल शोल्सचे वादक हा किस्सा अगदी चवीने सांगत आलेत. दुरुस्त केलेलं बरोबर गाणं राहिलं डब्यात, आणि आपण सगळे साठ वर्षं चुकीची टेप ऐकून डोळे पुसतोय.

आम्ही एकदा एका कार्यक्रमात शेवटचा ब्रासचा भाग सिंथवर अगदी स्वच्छ सुरात वाजवला. गाणं फुग्यातली हवा गेल्यासारखं झालं. गायक मागे वळून बघायला लागला की काय झालं. पुढच्या वेळी मी पिच व्हील (कीबोर्डवरचं सूर वर-खाली करायचं चाक) किंचित खाली ओढून धरलं, तेव्हा कुठे गाण्यात जीव आला. कोणाला सांगू नका.

चाल एवढी डोक्यात का बसते?

पेटी असेल तर काढा, दाखवतो. गाणं काळी एकमध्ये आहे. सा काळी एक धरा आणि फक्त बास वाजवा, सा, नी, ध, प, म, मग परत प, आणि सा. सगळे शुद्ध. बस, एवढंच आहे, जिन्यावरून एकेक पायरी खाली उतरायचं, तळाशी पोचायच्या आधीच थांबायचं, आणि वळून घरी यायचं. पाश्चात्त्य संगीतात ही उतरण शेकडो वर्षांची जुनी आहे, बाखच्या काळापासूनची, चर्चमध्ये वाढलेल्या कानाला ती घरचीच वाटते.

आता त्याच्यावर पर्सी काय करतो बघा. बास खाली उतरतोय आणि हा पहिल्याच शब्दाला वरच्या पट्टीत जाऊन उभा. प्रस्तावना नाही, ऑर्गनने जरासं दार उघडलं की हा आत आलाच. खालची जमीन सरकतेय आणि माणूस वर हात करून उभा आहे असं काहीतरी वाटतं. दर फेरीला तेच, आणि दर फेरीला तो थोडा जास्त दमलेला.

तालाचं म्हणाल तर एकेक ठोका तीन तुकड्यांत मोडलेला आहे, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, अतिशय सावकाश. आपल्या दादऱ्याची सवय असलेल्या माणसाला हे वजन लगेच पकडता येतं, फक्त लय इतकी ठाय आहे की ड्रमरची परीक्षा असते. नवीन ड्रमर हमखास पळतो. हॉकिन्स पळत नाही. जवळजवळ काहीच वाजवत नाही असं वाटतं आणि तेच अवघड आहे.

आणि एक, ह्याला कोरस नाही. ध्रुवपद म्हणून वेगळं काही परत परत येत नाही, शीर्षकाची ओळ कडव्याच्या सुरुवातीलाच येते, मधे तो एक "मी तुला सगळं दिलं"चा भाग, आणि परत कडवं. तीन मिनिटांच्या आत खेळ खलास.

सोल बॅलड म्हणजे काय मग?

थोडक्यात, चर्चमधली गाण्याची पद्धत घेऊन देवाच्या जागी माणूस ठेवला की सोल, आणि ते संथ लयीत, गोष्ट सांगत गायलं की सोल बॅलड. दक्षिणेतला सोल डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांपेक्षा खडबडीत, त्यात घाम दिसतो. बाकी व्याख्या करत बसण्यापेक्षा हे गाणं ऐका.

लग्नात वाजवायचं का?

मला पैसे मिळतात, मी वाजवतो. वसईला एका रिसेप्शनला नवरा-नवरीच्या पहिल्या डान्सला हेच हवं होतं आणि नवरदेवाचे काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाळा, ह्याचे शब्द माहितीयेत ना तुला?" काकांचं बरोबर होतं. गाण्यातला माणूस काय काय करतो बघा. जिवलग मित्र तिच्याबद्दल वाईट बोलला तर मित्राला सोडतो. शेवटचा पैसा तिच्यावर उडवतो. ती म्हणाली तर पावसात बाहेर झोपतो. आणि ती फसवत असेल तर ते सगळ्यात शेवटी ह्याला कळतं, कारण प्रेमात पडलेल्याला दिसत नाही. ह्यात सुखाचा संसार कुठेय? हा सोडून दिलेल्या माणसाचा पंचनामा आहे, फक्त चाल इतकी गोड की कोणी वाचत नाही. १९९४ साली ह्याच नावाचा सिनेमा आला त्यात बायकोचं दारूचं व्यसन हा विषय होता, निदान त्यांनी तरी नावातली दुखरी बाजू ओळखली.

नवरा-नवरी मस्त नाचले बाय द वे. काकाही नाचले.

ती मुलगी कोण होती?

पर्सीला सोडून गेली ती. बाकी तिचं आयुष्य तिचं, तिला शोधत बसू नका.

किती गाजलं?

मे-जून १९६६ मध्ये दोन आठवडे अमेरिकेच्या मुख्य चार्टवर पहिलं, रिदम अँड ब्लूजच्या चार्टवर चार आठवडे पहिलं, इंग्लंडमध्ये चौथं. गोल्ड रेकॉर्ड मिळालं. मसल शोल्सच्या परिसरात रेकॉर्ड झालेलं हे पहिलंच गाणं जे अमेरिकेच्या मुख्य चार्टवर पहिल्या नंबरला गेलं.

मग १९८७ मध्ये एक मजा झाली. लिव्हाइसच्या ५०१ जीन्सच्या जाहिरातीत हे गाणं वापरलं आणि इंग्लंडमध्ये ते एकवीस वर्षांनी परत चार्टवर येऊन थेट दुसऱ्या नंबरला गेलं. पहिला नंबर का नाही? कारण तिथे बेन ई. किंगचं 'स्टँड बाय मी' बसलं होतं, तेही जुनंच, तेही त्याच जीन्सच्या जाहिरातीमुळे परत आलेलं. स्वतःच्याच कंपनीच्या पँटने हरवलं म्हणायचं.

पर्सी म्हणजे एका गाण्याचा धनी का?

अजिबात नाही, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. 'वॉर्म अँड टेंडर लव्ह', 'इट टेअर्स मी अप', १९६८चं 'टेक टाइम टू नो हर', सगळी चालली. 'इट टेअर्स मी अप' तर डॅन पेन आणि आपले ऑर्गनवाले स्पूनर ओल्डहॅम ह्यांनी लिहिलेलं, आणि माझ्या लेखी काही ठिकाणी मोठ्या गाण्यापेक्षाही सरस आहे. एवढं मात्र खरं की पुन्हा कधी तो पहिल्या नंबरला गेला नाही. कार्यक्रम करत राहिला, अमेरिकेत, युरोपात, दक्षिण आफ्रिकेत. २००५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. १४ एप्रिल २०१५ला लुइझियानातल्या बॅटन रूजला गेला, चौऱ्याहत्तर वर्षांचा होऊन. आणि जिथे गेला तिथे शेवटी लोकांनी तेच एक गाणं मागितलं, ज्यावर त्याचं नाव नव्हतं.

नवीन माणसाने कुठलं ऐकावं आणि कसं?

१९६६चंच ऐका. नीट बघून घ्या, कारण पर्सीने स्वतःच नंतर हे गाणं पुन्हा रेकॉर्ड केलंय आणि स्वस्तातल्या कलेक्शनमध्ये बरेचदा तीच नंतरची रेकॉर्डिंग घुसडलेली असतात, त्यात सगळं गुळगुळीत आणि सुरात. हेडफोन लावा. पहिल्या वेळी फक्त आवाज ऐका. दुसऱ्या वेळी आवाजाकडे दुर्लक्ष करून बास ऐका, सा नी ध प म. तिसऱ्या वेळी शेवटपर्यंत थांबा, बरेच जण गाणं संपत आलं म्हणून पुढचं लावतात तसं करू नका, कारण ब्रासवाले येतातच मुळी शेवटी. पर्सी वर ओरडतोय, आवाज हळूहळू विरत चाललाय, आणि त्याच्या मागे ट्रम्पेट सुराच्या जरासा खाली, ओढत ओढत चाललाय. तीच ती टेप.